फुली

डिसेंबर. लोवेल गावात कालव्याचं पाणी
आधी गिरणीच्या भिंतीला धरून गोठतं,
मग मधोमध.
शिडीवर स्तामातिस कूवेलिस, पाट्या रंगवणारा,
खाली शिडी धरून मी, चौदा वर्षांची ओडिल,
खिशात खारीच्या केसांचे तीन ब्रश,
बोटांना जवसाच्या तेलाचा वास.

लोकरीच्या दुकानाची फळी साडेतीन फूट.
मिसेस प्रूइटना तिच्यावर सगळंच हवं होतं:
लोकर, सुया, सवलत
आणि सण.
सणाचं अख्खं नाव काही मावेना.
त्यानं दोन तिरक्या रेघा मारल्या, एकीवर एक,
आणि पुढं चिकटवलं 'मस'.

त्या बाहेर आल्या, शालीत हात गुंडाळून.
'त्याच्याच वाढदिवशी
त्याच्याच नावावर फुली मारलीत?
उद्या पाद्रीसाहेब इथूनच जातील.'

तो उतरला. एकेक पायरी, उजवा गुडघा जपत.
वाद घातला नाही.
उंबऱ्यावरचा बर्फ बुटानं सारला
आणि खडूनं तेच चिन्ह काढलं पुन्हा, मोठं.

'बाई, ही फुली नव्हे.
आमच्यात हे अक्षर आहे. खी म्हणतात याला.
ख्रिस्तातला ख.
गार हातांवर फुंकर घालताना
घशातून निघतो ना, तो.
त्याचं नाव इथून सुरू होतं.
पूर्वी वासराच्या कातड्यावर लिहायचे,
कातडं महाग, हात थकलेले,
तर पहिलं अक्षर लिहायचे, शेवटचं लिहायचे,
आणि वर एक आडवी रेघ,
वाचणाऱ्यानं तिथं मान लववावी म्हणून.
आमच्या गावचा म्हातारा पाद्री असं सांगायचा.
खरंखोटं त्याचं तो जाणे.'

मग थोडा वेळ नुसता खडू झटकत राहिला.

'मी निघालो तेव्हा पात्राच्या धक्क्यावर
कारकुनानं आईपुढं कागद सरकवला.
मुलगा अज्ञान, आईची संमती हवी.
म्हणाला, येत नसेल तर फुली मार.
तिनं टाक धरला, लाटणं धरावं तसा,
आणि काढलं हे.
सावकाश. दोन्ही टोकं नीट जुळवून.
मग वाकून कागदाचं चुंबन घेतलं.
शाई ओठाला लागली.
कारकुनानं शेजारी लिहिलं: निरक्षर.

तिला एक अक्षर येत होतं, बाई.
देवघरातल्या तसबिरीच्या कोपऱ्यात पाहून पाहून शिकलेली.
तेच तिनं लिहिलं.'

मिसेस प्रूइट गप्प.
रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी गेली, घोड्याची वाफ मागं सोडून.
मग म्हणाल्या, आणि रागानं नाही,
'पण माझ्या गिऱ्हाइकांना ग्रीक येत नाही हो.'

यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.
तो परत चढला.
बँकेच्या पाटीतून उरलेलं सोनेरी
डबीच्या तळाशी होतं, नखभर.
ते त्यानं पातळ केलं
आणि त्या दोन तिरक्या रेघांच्या माथ्यावर
तिसरी ओढली. आडवी. श्वास रोखून.

'ही आणि कसली?'
'छप्पर,' तो वरूनच म्हणाला.
'आत तान्हं मूल आहे. बर्फ पडतोय.'

जास्तीच्या रेघेबद्दल त्यांनी पंचवीस सेंट कापले.
पाटी मात्र ठेवली; जानेवारी सरला तरी
उतरवली नाही कुणी.

पुढं मीच पाट्या रंगवल्या, चाळीसेक वर्षं.
खाटीक, दंतवैद्य, दोन सिनेमागृहं.
नाव मावत नाही तेव्हा काय सोडायचं
हे ठरवणं म्हणजेच माझा धंदा, असं म्हटलं तरी चालेल.

अजूनही कुणी कागद पुढं करून म्हणतं,
आजी, इथं फुली मारा फक्त,
आणि माझा हात
दोन रेघा ओढून झाल्यावरही
कागदावरून उठत नाही लगेच.